तहाआधीचे चार तास

तळे गावच्या वाचनालयात त्या वर्षी वादाला विषय ठेवला होता, 'एकोणीसशे अठराचा तह घाईने झाला काय?' सन एकोणीसशे एकतीस, नोव्हेंबरची अकरा तारीख. जर्मनाशी लढाई थांबली त्याला तेरा वर्षं झाली होती, आणि त्या साली नेमकी त्याच दिवशी भाऊबीज आली होती.

दोन दिवस आधी दिनानाथ मास्तर दीड कोस चालून उंबरवाडीत भागोजीच्या खळ्यावर आले. मास्तर शाळेचे हेडमास्तर, वाचनालयाचे चिटणीस आणि गावात जे जे काही घडावं असं त्यांना वाटे त्या सगळ्याचे पुढारी. भागोजी भात झोडत होता. मास्तरांनी छत्री मिटली, धुळीतून बेताने पाय उचलत जवळ आले आणि म्हणाले, "भागोजीराव, परवा सभेला यायचं. बिल्ले लावून."

"मी काय करू तिथं, मास्तर?"

"काही नाही. फक्त बसायचं. मामलेदारसाहेब अध्यक्ष आहेत. खराखुरा लढवय्या समोर बसला म्हणजे सभेला वजन येतं."

"बोलायचं न्हाय ना काय?"

"छे हो! बोलायला वक्ते आहेत."

भागोजीनं हो म्हटलं. नाही म्हणायला त्याला कधी जमलंच नव्हतं. पलटणीत असताना नाही आणि नंतरही नाही. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. उंच, खांदे पुढे झुकलेले, डाव्या कानानं बहिरा. बसऱ्याच्या लढाईत तोफेचा गोळा जवळ फुटला तेव्हा तो कान गेला, बाकी सगळा तो धडधाकट परत आला. वाडीतून आणि आसपासच्या वस्त्यांतून अकरा जण गेले होते, परत आले चार. न आलेल्या सातांत बाळाजी होता, भागोजीच्या धाकट्या बहिणीचा, गोदूचा नवरा.

बाळाजीला भरतीला नेलं होतं ते भागोजीनंच. रजेवर आला होता तेव्हा अंगावर खाकी, पायात बूट, गावभर मिरवला. बाळाजी त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, दोघांनी मिळून खाडीत खेकडे धरलेले. तो म्हणाला, "मी पन येतो." गोदूच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. ती दारात उभी राहिली, आणि दोघं बांधावरून दिसेनासे होईपर्यंत उभी राहिली.

लढाई संपल्यावर सरकारकडून तिला एक कागद आला आणि त्यामागून वर्षभरानं भाकरीएवढी एक पितळी तबकडी आली. तीवर त्रिशूळ धरलेली एक बाई होती, शेजारी सिंह, आणि कडेला इंग्रजीत बाळाजीचं नाव. गोदूला ती देवी वाटली. सिंह आहे, त्रिशूळ आहे, मग दुसरी कोण असणार? तिनं ती देव्हाऱ्यात टाकाशेजारी ठेवली आणि रोज तिला हळदकुंकू वाहू लागली. भागोजीला ठाऊक होतं की ती देवी नव्हे, विलायतेचं चित्र आहे. त्यानं सांगितलं नाही. बाळाजी कसा गेला असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "मोठ्या लढाईत गेला. हजारो माणसं व्हती." एवढंच. तेरा वर्षं एवढंच.

सभेच्या दिवशी वाचनालय गच्च भरलं होतं. दिवाळीचे दिवस, मुंबईहून आलेली चाकरमानी मंडळी, परीट घडीचे कपडे. बायका बाहेर पडवीत बसल्या होत्या. गोदूही त्यांत होती. नारळ-सुपारी घ्यायला ती बाजाराला आली होती, आणि भाऊ मामलेदाराशेजारी खुर्चीवर बसणार म्हटल्यावर ते बघायला थांबली. त्याचा कोट तिनंच आदल्या दिवशी धुऊन, तांब्यात निखारे घालून फिरवला होता.

अकराला शाळेची घंटा झाली. लढाईत गेलेल्यांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मागे कोणी तरी खोकलं. मग सगळे बसले आणि रामचंद्रपंत वकील बोलायला उठले.

रामचंद्रपंतांचा आवाज चांगला होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं की, शत्रू धापा टाकत असताना तह करणं हा मूर्खपणा झाला. साप अर्धा ठेचून सोडला. "आणखी आठ दिवस!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "फक्त आठ दिवस दम धरला असता, तर बर्लिनच्या चौकात तह झाला असता. आज तो देश पुन्हा गुरगुरतो आहे, तो गुरगुरला नसता!"

टाळ्या झाल्या. त्यांच्या विरुद्ध बोलायला त्यांचाच पुतण्या होता, मुंबईच्या कॉलेजात शिकणारा, बारीक चष्म्याचा. तो म्हणाला, तह घाईनं नव्हे, उशिरा झाला. वर्षभर आधी व्हायला हवा होता. त्यानं कागद काढून आकडे वाचले. अमुक देशाचे इतके लाख, तमुक देशाचे तितके लाख. खंडी-मणांचा हिशेब सांगावा तसा सांगितला. लोक जांभया देऊ लागले. तो बसला तेव्हा काकांनी बसल्या जागेवरून मिश्कीलपणे म्हटलं, "अहो, एक कोटी गेलेच होते ना? मग त्यात आणखी दहा-वीस हजारांनी असा काय फरक पडणार होता?"

हशा पिकला. मामलेदारही हसले. आणि त्या हशातच भागोजी उठून उभा राहिला.

मास्तरांना वाटलं, पाणी प्यायला उठला असेल. पण तो टेबलाजवळ आला. छातीवरचे बिल्ले एकमेकांवर आपटून वाजले.

"मला बोलायचं हाय," तो म्हणाला.

मास्तरांनी मामलेदारांकडे पाहिलं. मामलेदारांनी कौतुकानं मान हलवली. "बोला, बोला. थोडक्यात."

"वकीलसाहेब आठ दिस म्हंतात. मला आठ दिसांचं ठाव न्हाय. मी चार तास बघितलेत." त्याचा आवाज बहिऱ्या माणसाचा असतो तसा गरजेपेक्षा मोठा होता. "आमची लढाई तुर्काशी. तिचा तह जर्मनाच्या आधी झाला, अकरा दिस आधी. आदल्या सांजेला तार आली की उद्या दुपारी बाराला बंदुका थांबवायच्या. मी कप्तानाचा अर्दली व्हतो. त्यानं सुभेदाराला सांगितलं तवा मी बूट पुसत व्हतो, म्हून मला समजलं. सुभेदार मला म्हनाला, तोंडातनं ब्र काढलास तर बघ. बाकी पलटणीला कायबी ठाव न्हवतं."

पडवीतल्या बायका दाराशी सरकल्या.

"आमच्या म्होरं एक टेकाड व्हतं. मातीचं. त्यावर झाड न्हाय, पानी न्हाय. पन बाराच्या टोल्याला जे ज्याच्या हातात, ते त्याचं व्हनार व्हतं. म्हून साहेबानं सकाळी आठाला मानसं काढली. बावीस. त्यांना सांगितलं न्हाय की चार तासांनी लढाई मिटतीया. सांगितलं तर पाय जड व्हतात म्हने. टेकाड मिळालं. सात मानसं तिथंच ऱ्हायली. त्यात माझा मेव्हना व्हता, बाळाजी. साडेधाच्या सुमाराला गेला तो. बाराला बिगुल झाला आनि पलीकडनं तुर्क हात हालवत आले. आमच्याकडं बिड्या मागितल्या त्यांनी. आमी दिल्या. चवथ्या दिवशी पलटन ते टेकाड सोडून म्होरं गेली. कुनाला त्याचा उपेग झाला न्हाय. आता मला शिकल्याल्या मानसांनी सांगावं. ती सात मानसं तुमच्या त्या धा-वीस हजारांत मोजायची, का तह झाल्यावर मेली म्हून सोडून द्यायची?"

रामचंद्रपंत उपरण्यानं चष्मा पुसू लागले. मग मामलेदारांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि म्हणाले, "फार हृदयद्रावक. पण भाषण विषयाला धरून असावं, ही सभेची शिस्त आहे. चला मास्तर, मतं घेऊ."

हात वर झाले. तह घाईनं झाला, असं बहुमतानं ठरलं. रामचंद्रपंतांना श्रीफळ आणि शाल मिळाली. भागोजीलाही हार घातला. तो त्याच्या गळ्यात मास्तरांनीच घातला आणि कानात, नेमक्या बहिऱ्या कानात, काही तरी बोलले. भागोजीनं पडवीकडे पाहिलं. गोदूची जागा रिकामी होती.

दुपारभर तो घरी गेला नाही. खाडीच्या बांधावर बसून राहिला. गोदूचं घर खालच्या वाडीत होतं. भाऊबीजेला तो दरवर्षी दिवेलागणीला जायचा, या वर्षीही जायला हवं होतं. आणि आज न जाणं हे जाण्याहून वाईट झालं असतं. कोटाच्या खिशात तिच्यासाठी घेतलेला चोळीचा खण होता. उन्हं कलल्यावर तो उठला.

गोदूनं पाट मांडून ठेवला होता, भोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी. नवरा गेलेली बाई असली तरी भावाला ओवाळायला तिला वाडीत कोणी अडवलं नव्हतं, आणि अडवलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. सासू दोन वर्षांमागे गेली. तेव्हापासून ती एकटीच राहत होती, दीड एकर शेत स्वतः करत होती. एकतीस-बत्तिसाचं वय, पण हात साठीचे.

"बस," ती म्हणाली.

तो पाटावर बसला. ती निरांजन लावत होती. वात सारखी करता करता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आज बोललास ते बरं केलंस, दादा."

भागोजीनं मांडी सारखी केली.

"तेरा वरसं मला वाटायचं, मोठी लढाई व्हती, तिथं कुनाचं काय चालतंय. देवाची विच्छा. आज समजलं, देवाचा काय संबंध न्हवता. त्या साहेबाचा व्हता." तिनं तबक हातात घेतलं. "तू काय करनार? तुझ्या तोंडाला कुलूप घातल्यालं. तू सांगितलं असतंस तर तुला गोळी घातली असती. मी वाटंनं तेच म्हनत आले. माझ्या दादाचा काय दोष?"

ती त्याच्या कपाळाला कुंकू लावायला वाकली. तिचा चेहरा जवळ आला. त्यावर राग नव्हता. होती ती कीव, आणि ती त्याच्यासाठी होती. मामलेदारांनी सभेत केलेली बोळवण त्याला सोसली, पण हे सोसलं नाही.

"गोदे, थांब," तो म्हणाला. "आजून हाय."

तिचं बोट हवेतच राहिलं.

"त्या सकाळी बाळाजीचा गाल सुजला व्हता. दात. ठणक्यानं बेजार झालेला. मी साहेबाचं पानी आनाया चाललो व्हतो, तवा मला आडवा आला. म्हनाला, भागोजी, मी आज आजारी लिवतो, डाक्तराकडं जातो. सुभेदाराला तू येक शबद टाक."

"मग?"

"मी म्हनालो, आज नको. उद्या जा."

गोदू सरळ उभी राहिली.

"का?"

"सुभेदाराला वाटलं असतं, मीच फोडलं. बावीस मानसांतनं नेमका माझाच मेव्हना आजारी पडतो, तर कुनाला संशय येनार न्हाय? मला बढतीची फीत मिळायची व्हती त्या महिन्यात. मी भ्यालो, गोदे." आता थांबणं त्याला जमेना. "आनि मला वाटलं, चार तास तर हायत. चार तासांत काय व्हतंय? टेकाडावर जाईल, बसंल, दुपारी येऊन जेवंल. तो म्हनाला, बरं, उद्या जातो. गालाला फडकं बांदून गेला."

बाहेर कोणाच्या तरी घरी पोरं फटाके उडवत होती. गोदूच्या हातातलं तबक हललं नाही. तिनं विचारलं, "कुठला दात?"

"आं?"

"कुठला दात दुखत व्हता?" ती मोठ्यानं म्हणाली.

"डावीकडला. खालचा."

"तो लग्न झालं तवापास्नं दुखायचा त्याला," ती म्हणाली. "मी लवंग द्याची."

मग तिनं त्याला ओवाळलं. रीत होती म्हणून ओवाळलं. तीन वेळा, सावकाश, डोळे निरांजनावर ठेवून. त्यानं खण काढून तबकात ठेवला. तिनं तो उचलला आणि त्याच्या मांडीवर परत ठेवला.

"जेवून जा. ताट वाढलंय."

तिनं वालाची भाजी केली होती, करंज्या केल्या होत्या. तो जेवला. घास उतरत नव्हता तरी पानात काही टाकलं नाही. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. हात धुऊन तो उंबऱ्याशी आला तेव्हा ती तशीच, पाठमोरी म्हणाली, "पुढल्या वरसाला येऊ नको, दादा."

तो गेला. आणि ती बोलली तशी वागली. दोघांची शेतं एका बांधाला लागून होती. लावणीला, कापणीला ती त्याला रोज दिसायची, आणि ती त्याच्याकडे झाडाकडे बघावं तसं बघायची. भागोजीच्या बायकोनं, मैनेनं, दोनदा जाऊन समजावलं. गोदू तिच्याशी नीट बोलली, चहा दिला, भावाचा विषय निघाला की उठून कामाला लागली. वाडीतल्या बायकांनी पाहिलं की देव्हाऱ्यातली पितळी तबकडी आता तिथं नाही. ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होती.

पंधरा दिवसांनी दिनानाथ मास्तर पुन्हा खळ्यावर आले. हातात जिल्ह्याचं साप्ताहिक होतं. त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता.

"भागोजीराव, सभेचा वृत्तान्त आलाय! तुमचं नाव नाही आलं, जागा कमी पडली असणार. पण उल्लेख आहे. ऐका." त्यांनी बोट ठेवून वाचलं. "'श्रीयुत रामचंद्रपंत यांनी आपल्या ओजस्वी वाणीने पूर्वपक्ष सिद्ध केला. मध्यंतरी एका माजी सैनिकाने रणांगणावरील आठवणी सांगून सभेचे मनोरंजन केले.'"

भागोजीनं भाताची पेंढी उचलली, फळीवर आपटली. दाणे उडाले.

"म्हणजे, मनोरंजन हा शब्द तसा..." मास्तर चाचरले. "छापणाऱ्यांना घाई असते."

"असू दे, मास्तर."

"हे ठेवा. मुलांना दाखवायला."

"वाचता कुनाला येतंय इथं," भागोजी म्हणाला. मास्तरांनी साप्ताहिक घडी करून खिशात घातलं आणि छत्री उघडून निघून गेले.

पण तळ्याच्या सभेत जे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही, ते वाड्यांवरून तोंडोतोंडी फिरत राहिलं. ज्यांच्या घरातलं माणूस त्या लढाईत गेलं होतं, ते आता भागोजीला वाटेत गाठू लागले. आमचा गेला तो कुठल्या महिन्यात? तेव्हा तह झाला होता का? आधी का मागून? घरातल्या पेटीतून जपून ठेवलेला कागद काढून आणायचे, त्यावरची तारीख कोणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि भागोजीच्या पुढ्यात धरायचे. त्याला वाचता येत नाही, हे ठाऊक असूनही. जसा काही तोच सरकार होता.

मार्गशीर्षात एक दिवस भर दुपारी बायजाकाकी आली. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेला, काठीनं बांध चाचपत आली आणि खळ्याच्या कडेला उकिडवी बसली. तिचा सदू एकुलता एक. भागोजीच्याच पलटणीत होता, पण पहिल्या तुकडीत गेलेला.

सदूचं काय झालं ते भागोजीला पक्कं ठाऊक होतं. कूत नावाच्या गावात सदूची तुकडी पाच महिने वेढ्यात अडकली. घोडी कापून खाल्ली, गवत उकडून खाल्लं, आणि शेवटी साहेबानं पांढरं निशाण दाखवून बंदुका खाली ठेवल्या. सदूची लढाई तिथंच संपली होती. तुर्कांनी त्यांना वाळवंटातून अनवाणी चालवत नेलं. दोन महिन्यांनी, हगवणीनं, वाटेच्या कडेला सदू बसला तो पुन्हा उठला नाही. त्याच रांगेतून चालून जिवंत परतलेल्या एकानं बसऱ्याला भागोजीला हे सांगितलं होतं. बायजाकाकीला आलेल्या कागदावर फक्त 'मयत' असं होतं.

"भागोजी," म्हातारी म्हणाली, "येक इचारते, खरं सांग. माझा सदू गेला तवा लढाई चालू व्हती ना रं?"

भागोजीनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"लोकं काय काय बोलत्यात," ती पुढे म्हणाली. "गोदूचा न्हवरा म्हने उगाच गेला, मिटल्यावर. मला झोप न्हाय तवापास्नं. माझा तसा न्हाय ना गेला? त्याच्या वक्ताला तरी चालू व्हती ना?"

म्हातारीनं चेहरा त्याच्याकडे वळवला होता, पण पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांना तो दिसत नव्हता. खरं बोलण्यानं काय होतं ते भागोजीनं महिन्यामागं पाहिलं होतं. गप्प राहण्यानं काय होतं तेही पाहिलं होतं.

"व्हय, काकी," तो म्हणाला. "चालू व्हती."

"जोरात?"

"जोरात चालू व्हती. तोफा चालू व्हत्या. सदू पुढं व्हता."

बायजाकाकीनं मोठा श्वास सोडला. पदरानं तोंड पुसलं.

"मग बरं," ती म्हणाली. "मग फुकट न्हाय गेला."

काठी टेकून ती उठली. बांध उंच होता आणि तिला पलीकडची उतरण दिसत नव्हती, म्हणून भागोजीनं तिचा हात धरून तिला पार नेलं. ती वाटेला लागल्यावर तो परत आला आणि उरलेलं भात झोडू लागला.